दगडाचा घास

खोलीच्या मालकाने सकाळी निरोप धाडला की सुगीचं धान्य भरायला खोली महिनाअखेर रिकामी हवी, आणि दुपारी भंगारवाला गिरणीच्या दारात हजर झाला. अशा बातम्या त्याला कोण पोचवतं, देव जाणे. त्याने हातगाडी उंबऱ्याला टेकवली, न विचारता आत शिरला आणि गिरणीभोवती एक फेरी मारली. मोटरीवर टिचकी मारून पाहिली, पट्टा ओढून पाहिला, धान्य ओतायच्या पत्र्याच्या डब्यात डोकं घालून पाहिलं.

"लोखंड किलोवर," तो म्हणाला. "मोटरीतल्या तांब्याचा भाव वेगळा. दगड मात्र मी उचलणार नाही. रस्त्याच्या भरीला कोणी नेले तर नेले."

"भरीला?" गिरणीवाली म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी आठ दिवस खाणीवर मुक्काम करून निवडले होते ते. आणि तुम्ही रस्त्यात घालणार?"

"मी कशाला घालू? रस्तेवाले घालतील." त्याने हात झटकले. "बघा, ठरलं की सांगा."

तो गेला. आत, गोणपाटाच्या पडद्याआड, तिचा नवरा बाजेवर बसून सगळं ऐकत होता. बावीस वर्षं त्याने ही गिरणी चालवली होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातांना कंप सुटला. आता पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत निम्मं पाणी अंगावर सांडायचं. तेव्हापासून गिरणी तीच चालवायची, म्हणजे चालायची तेवढी: दिवसाला तीन-चार डबे.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"तुमचे दगड रस्त्यात घालतो म्हणाला."

तो हसला. "बरं झालं. पायाखाली आलेत म्हणून कोणी ओरडणार नाही. दाताखाली आले तेव्हाच बोंब झाली."

तिला हसू आलं नाही. त्या बोंबेवर तिला चार वर्षांत एकदाही हसू आलं नव्हतं.

तेव्हा गिरणी दोघा भावांची होती. मास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं आणि लग्नाचा सगळा गहू दळणाला आला. नेमका त्याच आठवड्यात थोरला, म्हणजे तिचा नवरा, तापाने फणफणला. दगडांना टाकी लावायची वेळही तेव्हाच आलेली. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग त्यावर छिन्नीने बारीक टाचे पाडून तो खरखरीत करायचा, याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावली की टाच्यांत दगडाची खर, म्हणजे बारीक कच, राहते. म्हणून आधी दोन डबे हलकंसलकं धान्य दळायचं आणि ते पीठ खड्ड्यात ओतायचं. त्याला गिरणीवाला 'दगडाचा घास' म्हणायचा. आधी दगडाचा घास, मग माणसांचा, यात त्याने बावीस वर्षांत कधी कसूर केली नव्हती.

त्या आठवड्यात टाकी धाकट्याने लावली. धाकटा म्हणजे तिचा दीर. दोन डबे धान्य फुकट घालवायचं त्याच्या जिवावर आलं आणि त्याने लग्नाचा गहू थेट ओतला. मांडवात पंगत बसली, पहिला घास तोंडात गेला आणि दीडशे तोंडं एकदम थांबली. मास्तरांची दाढ तुटली. वराकडची माणसं ताटावरून उठली.

थोरला तापातला उठला, मास्तरांच्या दारात जाऊन हात जोडून म्हणाला, माझी गिरणी, माझी चूक. धाकटा मागे तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होता. त्याचं लग्न त्याच महिन्यात जमत होतं. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर मोडेल, एवढाच विचार थोरल्याने केला आणि सगळं आपल्या अंगावर घेतलं. टाकी आजारी पडायच्या आदल्या दिवशी मीच लावली होती, असंही सांगून टाकलं. "कोणापाशी बोलणार नाहीस. माझी शपथ आहे," तो बायकोला म्हणाला. तिने शपथ घेतली आणि तेव्हापासून जळत राहिली.

धाकट्याचं लग्न झालं. सहा महिन्यांत तो वेगळा झाला, चौकात पोलादी पात्यांची नवी गिरणी टाकली आणि तिच्यावर पाटी लावली: 'आमच्या पिठात कच नाही.' 'आमच्या' हा शब्द बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट रंगवलेला. गिऱ्हाईक तिकडे वळलं. थोरला रस्त्याने निघाला की टवाळ माणसं दात वाजवून 'कचकच' करायची आणि तो खाली बघून चालत राहायचा.

आणि याच्यावर कडी म्हणजे, पोलादी पात्यात पीठ तापायचं, त्याला जळका वास यायचा. ते पीठ धाकट्याच्या बायकोलाच आवडत नसे. दर आठवड्याला ती झाकलेला डबा घेऊन मागच्या दाराने थोरल्या जावेकडे यायची. "तेवढं दळून द्या हो ताई, ह्यांना सांगू नका," म्हणायची. ह्यांना सगळं माहीत होतं, ताटात काय पडतं हे कळत नाही असा नवरा अजून जन्मला नाही. गिरणीवालीला तो डबा भिरकावून द्यावासा वाटे. पण थोरला आतून म्हणायचा, "घरचं दळण आहे. घरच्या दळणाला पैसे घ्यायचे नसतात." त्याच्या वडिलांचा तो नियम होता. मग ती दळून द्यायची, तेही एका पैशाशिवाय.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. जुनी यंत्रं विकून देणारा, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. हा निदान नमस्कार करून आत आला. त्याने गिरणीचे समोरून, बाजूने, खालून फोटो काढले. गिरणीवाला कौतुकाने उठून मोटरीशेजारी जाऊन उभा राहिला होता.

"काका, जरा बाजूला होता का?" दलाल म्हणाला. "तुम्ही फोटोत आलात की यंत्र जुनं दिसतं."

गिरणीवाला बाजूला झाला. झटकन व्हायला गेला आणि पट्ट्याला अडखळला. तिने त्याचा दंड धरला.

"लांबच्या गिऱ्हाइकाला विकू," दलाल सांगू लागला. "चालू स्थितीत आहे, एकाच हातानं वापरलेलं आहे, असं लिहितो. भाव चांगला येतो त्यानं."

"एका नाही," ती म्हणाली. "दोन हात लागलेत त्याला."

"कोण विचारतंय, वहिनी?"

"कोणी विचारत नाही, तेच तर," ती म्हणाली. दलालाला काही कळलं नाही. वीस दिवस लागतील म्हणाला. खोली बारा दिवसांत सोडायची होती.

तिसऱ्या दिवशी धाकटा आला. तो येणार हे तिला ठाऊकच होतं. तो पुढच्या दाराने आला, बाजेवर भावाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "वहिनी, चहा टाका."

चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत बसला. मग कप हातात आल्यावर म्हणाला, "दादा, भंगारात कशाला घालतोस? मला दे. दलाल देईल त्याच्यावर मी देतो. आजकाल लोकांना पुन्हा दगडाचं पीठ हवंय. मी दगड बसवतो चौकात, जरा नीट करून घेतो. तुझ्या हातात बिघडले होते, माझ्या हातात सुधारतील."

तिचा तळवा स्वतःच्या कपाभोवती होता. चहा गरम होता तरी तिने हात काढला नाही.

"देऊन टाक त्याला," थोरला तिला म्हणाला. "बाबांचे दगड घरातच राहतील."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. दगड एकदा चौकात गेले की हा दहा गावांना सांगणार, भावाची खराब गिरणी मी सुधारली. नवऱ्याच्या तोंडाला जे काळं फासलंय ते मग कायमचं. दगड हाच काय तो साक्षीदार होता आणि साक्षीदारालाच चोराच्या घरी पाठवायचं चाललं होतं. पैसे कुठूनही आले असते. नाव एकाच ठिकाणाहून परत येणार होतं.

"देऊ की," ती म्हणाली. "पण आतल्या आत नाही द्यायचे. उद्या कोणी म्हणायला नको की भावाला स्वस्तात दिली, नाही तर भावाला फसवलं. बाजाराच्या दिवशी अंगणात गिरणी चालू ठेवते. ज्याला हवी त्यानं आपलं धान्य आणावं, आपल्या हातानं दळून बघावं, मग भाव सांगावा. वापरलेली वस्तू चालवून बघितल्याशिवाय कोणी घेऊ नये."

"कोण येणार आहे इथं?" धाकटा हसला.

"कोणी नाही आलं तर तुमचीच आहे, भाऊजी."

"आणि दगड तर बोथट झालेत. काय दळणार त्यावर?"

"हो, टाकी लावायला हवी." तिने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. "ह्यांचं तर तुम्ही बघताच आहात."

"मग मी लावतो. शेवटी मलाच न्यायचेत."

"तुम्हीच लावा," ती म्हणाली. "तुमच्याइतकी घाईत टाकी लावणं कोणाला जमतं?"

त्याने ती स्तुतीच मानली. हे बोलताना तिने सगळं ठरवलेलं होतं का, असं विचाराल तर सगळं नाही. अर्धं ठरलं होतं. उरलेलं अर्धं त्या माणसाच्या स्वभावावर सोडलं होतं, आणि त्याच्यावर तिचा पुरता भरवसा होता.

दोन दिवस अंगणातल्या झाडाखाली छिन्नी वाजत होती. चौघांनी मिळून दगड उतरवून सावलीत आडवे ठेवले होते. धाकटा दगडावर पाय फाकवून बसायचा. त्याच्या भुवया, पापण्या, कानांतले केस पांढरे व्हायचे, घामाने मानेवर चिखल व्हायचा. काम वाईट नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. टाचे सरळ होते, सारख्या अंतरावर होते. शिकवणारा चांगला होता. तो शिकवणारा समोर खुर्चीत बसून हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला गुडघ्यावर बोट आपटत होता, आणि ते बोट ठोका नसतानाही आपटत राहायचं.

रस्त्याने कोणी जायला लागलं की धाकट्याचा आवाज चढायचा.

"दादा, तू टाचे खोल पाडायचास. म्हणून कच यायची. बघ, हे असे उथळ पाहिजेत!"

थोरला मान हलवायचा. रस्त्यावरचा माणूस हसून पुढे जायचा. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि मनातल्या मनात त्याच्या डोक्यावर तो रिकामा करायची, तांब्यासकट. प्रत्यक्षात ती तो त्याच्या हातात द्यायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी गेली. मास्तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. तिला बघून त्यांनी ते खाली केलं नाही.

"बाजाराच्या दिवशी आमच्याकडे या," ती म्हणाली. "गिरणी विकायची आहे. पीठ पारखायला कोणीतरी तिऱ्हाईत हवं."

"तुमच्या गिरणीत मी पाय ठेवणार नाही."

"पाय नका ठेवू. अंगणात खुर्ची टाकते."

"माझी दाढ गेली आहे तिथं."

"म्हणून तर तुम्हाला बोलावते. बाकीच्या आहेत ना?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. चार वर्षांत ही बाई दारात आली नव्हती, आणि आली ती अशी. "काय पारखायचं नेमकं?"

"कच आहे की नाही एवढंच. दुसरं काही विचारू नका, मला बोलता यायचं नाही."

मास्तरांनी उभी हयात मुलांच्या चेहऱ्यावरची खोटी-खरी उत्तरं वाचण्यात घालवली होती. ते तिच्याकडे बघत राहिले आणि येतो म्हणाले.

बाजाराच्या दिवशी सकाळी चौघांनी गिरणी अंगणात आणून दगड पुन्हा बसवले. तिने अंगण झाडलं, नवऱ्याला धुतलेला शर्ट घातला, बटणं लावून दिली, खुर्ची दाराजवळ ठेवली. मग घरातला किडका मका दोन डब्यांत भरला आणि ते दोन्ही डबे गिरणीच्या अगदी तोंडाशी, येणाऱ्याच्या पायात येतील असे ठेवले. तिने काहीही लपवलं नाही. कोणालाही दिसावं, दिसल्यावर आठवावं, एवढी संधी तिने धाकट्याला दिली. ती संधी त्याने घेतली असती तर तिचा सूड तिथंच संपला असता आणि गिरणी मुकाट त्याला द्यावी लागली असती. 

माणसं जमली. विकत घ्यायला कमी, बघायला जास्त. भंगारवाला आला, दलाल आला. मास्तर येऊन त्यांच्यासाठी टाकलेल्या खुर्चीत बसले. आणि एका पिशवीत गहू घेऊन शिंपीणबाई आली. चौकात धाकट्याच्या गिरणीच्या बरोबर समोर तिचं शिवणाचं दुकान. तयार कपडे बाजारात आल्यापासून दुकान ओस पडलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. ती गिरणी घ्यायला आली असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सगळ्यात शेवटी धाकटा आला, खांद्यावर डबाभर चांगल्या पिवळ्याधमक गव्हाचं लहान पोतं घेऊन. पोतं उतरवताना त्याचा पाय मक्याच्या डब्याला लागला.

"हे काय?" तो म्हणाला.

ती पोत्याची सुतळी सोडू लागली.  तेवढ्यात खुर्चीतून थोरला म्हणाला, "अरे, आधी घास काढ. नुकती टाकी लागलीय."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. या माणसाचं काय करावं! चार वर्षं ज्याने ह्याच्या तोंडाला काळं फासून ठेवलं, त्यालाच हा अजून वाचवायला निघाला होता.

"दादा, ते तुझं जुनं खूळ राहू दे." धाकट्याने पायाने दोन्ही डबे सारले. एक कलंडला आणि मका अंगणभर पसरला. "माणसं खोळंबलीत. वीज काय फुकट येते? मी आजपर्यंत एकदाही हा घास-बीस काढलेला नाही. टाकी नीट लावायला आली की त्याची गरज पडत नाही!"

हे तो माणसांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलला. आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

त्याने पोतं ओतलं, तिने खटका दाबला. पट्टा फडफडला, दगड घुमू लागले, आणि कापडी तोंडातून पीठ डब्यात पडू लागलं. ऊन ऊन नव्हे, थंड, गोड वासाचं पीठ. माणसांनी माना डोलवल्या. धाकट्याने मूठभर पीठ उचलून मास्तरांपुढे धरलं.

"घ्या मास्तर. बघा फरक."

मास्तरांनी चिमूट जिभेवर ठेवली. तोंड मिटलं. उजव्या बाजूला दाढ नव्हती, म्हणून डावीकडे घोळवलं आणि चावलं.

तो आवाज फार मोठा नव्हता, पण जवळच्या पाच-सहा जणांना ऐकू आला. मास्तरांनी डोळे मिटले. चार वर्षांपूर्वीचा मांडव त्यांना दिसला असणार. मग त्यांनी तळहातावर थुंकून तो तळहात उन्हात धरला.

"कच," ते म्हणाले.

दलालाने चिमूट घेतली आणि थुंकला. भंगारवाल्याने घेतली आणि थुंकला. अंगणभर थुंकायचा आवाज.

"दगडच खराब आहेत!" धाकटा म्हणाला. "मी सांगत होतोच, दादाच्या हातात..."

"थांब जरा," मास्तर म्हणाले. शाळा सोडून दहा वर्षं झाली होती, पण आवाज तोच होता आणि धाकटा त्याच आवाजाखाली शिकलेला. "तू आत्ता म्हणालास, एकदाही घास काढला नाही. तुझ्या नव्या गिरणीत दगड नाहीत, म्हणजे टाकी नाही. मग 'एकदाही' म्हणजे कधी? या गिरणीत, या दगडांवर. बरोबर?"

धाकट्याने हाताचं पीठ झटकलं.

"माझ्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात हा तापानं पडला होता. मी स्वतः बघायला आलो होतो, हिनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. बाहेर छिन्नी वाजत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही." मास्तर थोरल्याकडे वळले. "आदल्या दिवशी मीच टाकी लावली म्हणून सांगितलंस ना रे मला? मग त्या दिवशी छिन्नी कोण वाजवत होतं?"

थोरल्याने मान खाली घातली.  बघणाऱ्यांना तेवढं पुरलं.

"मी म्हणते, माझंही दळून बघू या," शिंपीणबाई मध्येच बोलली. ती खाली बसून सांडलेला मका डब्यात भरत होती. "पण आधी हा जाऊ दे. मी मशीनला तेल दिलं की पहिल्यांदा चिंधीवर चालवते. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडला तर भरून कोण देणार?"

दोन डबे मका गेला. ते पीठ तिने स्वतः उचलून कोपऱ्यातल्या खड्ड्यात ओतलं. मग आपला गहू ओतला. तेच दगड होते, टाकीही तीच होती. मास्तरांनी चिमूट तोंडात टाकली, डावीकडे चावली, उजवीकडे हिरडीवर घोळवली, आणि गिळली. मग दुसरी चिमूट घेतली.

 सगळे धाकट्याकडे बघत राहिले. त्याच्या भुवयांत अजून दगडाची धूळ होती. भंगारवाल्याने घसा खाकरून विचारलं, "चौकातली ती पाटी पत्र्याची आहे का हो? पत्रा मी घेतो." तेव्हा अंगण फुटल्यासारखं हसलं, आणि धाकटा पोतं, पीठ, सगळं तिथंच टाकून पाय लावून पळाला.

गिरणीवालीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? चार वर्षं दाबून धरलेला श्वास सोडावा तसं बरं वाटलं. त्याची मान, कानाच्या पाळ्या लाल होताना तिने डोळे भरून बघितल्या. आणखी थोडा वेळ तो उभा राहिला असता तर तिला हवंच होतं.

गिरणी शिंपीणबाईला गेली, धाकट्याने सांगितल्यापेक्षा पुष्कळ कमी भावात. दलाल म्हणाला, "वहिनी, थांबला असतात तर जास्त आले असते." ती म्हणाली, "जास्तच आलेत." टाकी लावायला शिकवायला गिरणीवाला खुर्ची टाकून बसेल, तो सांगेल आणि शिंपीणबाई छिन्नी धरेल, असंही ठरलं. उद्या सकाळी बैलगाडी येणार होती.

माणसं पांगल्यावर ती आत गेली. नवरा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवण वाढलं तरी उठला नाही.

"शपथ मोडलीस," तो भिंतीला म्हणाला.

"एक अक्षर बोलले का मी?"

"नाही."

"मी फक्त गिरणी विकली. आणि मक्याचे डबे त्याच्या पायात ठेवले होते. तुम्ही तर तोंडानं सांगितलंत. आणखी किती वाचवायचं त्याला?"

त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. तिला वाटलं, हा आता बोलणारच नाही. भावाची लाज काढली म्हणून जन्मभर असाच भिंतीकडे तोंड करून राहील. तरीही आपण केलं ते पुन्हा करू, असं तिच्या मनात आलं आणि त्याची तिला भीती वाटली नाही.

ऊन कलता कलता मागचं दार वाजलं. धाकटा होता. बायको ज्या दाराने डबा घेऊन यायची त्याच दाराने आला होता.

"वहिनी, दुप्पट देतो," तो कुजबुजला. "त्या बाईला नाही सांगा. ती माझ्या दारासमोर लावणार आहे!"

"समोर लावणार, ते बरं," ती म्हणाली. "तुमच्या घरच्या दळणाला एवढं लांब यायला नको. मागच्या दारानं तर नकोच."

 तो तिथून आत बघू लागला, बाजेकडे. "दादा, तू तरी सांग हिला. आपण सख्खे भाऊ. मी चुकलो असेन, लहान होतो."

बाजेवर हालचाल झाली. थोरला उठून बसला.  आता हा विरघळणार. आता म्हणणार, जाऊ दे, लहान आहे, बाबांचे दगड. तिने दात आवळले.

"तुझं पीठ राहिलंय अंगणात," थोरला म्हणाला.

"मला नको ते. कच आहे त्यात."

"दळून दिलंय. घेऊन जा." मग तो बायकोकडे वळला. "तागडी काढ. त्याचं पीठ तोलून घे आणि दळणाचे पैसे घे."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"माझ्याकडून?" धाकटा म्हणाला. "दादा, घरच्या दळणाला पैसे?"

"घरच्या दळणाला नाही घेत आपण," थोरला म्हणाला. "तू गिऱ्हाईक आहेस."

तिने तागडी काढली. हिशेब डब्यावरच चालायचा म्हणून ती गेले सहा महिने खिळ्याला लटकून होती, तिच्यावर पिठाचा थर बसला होता. तिने तो झटकला नाही. पीठ पोत्यात भरून तोललं, दर सांगितला, सगळ्या गावाला सांगायची तोच, एक पैसा कमी नाही, एक जास्त नाही. धाकट्याने खिसे चाचपले, नाणी काढली आणि तिच्या हातात द्यायला लागला.

"ह्यांना द्या," ती म्हणाली. "गिरणी ह्यांची आहे."

थोरल्याने थरथरता तळहात पुढे केला. धाकट्याने त्याच्याकडे न बघता नाणी ठेवली, पोतं खांद्यावर घेतलं आणि मागच्या दाराकडे वळला.

"पुढून जा," थोरला म्हणाला. "गिऱ्हाईक पुढून जातं."

तो पुढून गेला. बाजार उठायची वेळ होती, रस्ता माणसांनी भरलेला होता. पोत्याचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं, त्यातून पिठाची बारीक धार त्याच्या पाठीवर सांडत गेली आणि कोणीही त्याला सांगितलं नाही.

थोरल्याने मूठ मिटली. ती थरथरत होती, आतली नाणी वाजत होती. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "आणा इकडे, ठेवते डब्यात."

त्याने मान हलवली. दुसऱ्या हाताने तो जेवला, अर्धं सांडत, अर्धं खात, आणि दिवेलागण होईपर्यंत ती नाणी त्याच्या मुठीत वाजत राहिली.